डाव्या हाताची चौकशी: जुमेरा लेक टॉवर्स ते खोर फक्कान

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. त्यात माझा दोष थोडा, नोकरीचा जास्त. मी इथे आखातात एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स डिपार्टमेंटला आहे. जबल अलीच्या गोदामात पाणी शिरून माल भिजला, ट्रकमधून उतरताना कुणाचं मनगट मोडलं, असलं सगळं माझ्या टेबलावर येतं आणि मला एवढंच बघायचं असतं की सांगितलंय ते खरं आहे का. इतकी वर्षं हेच केल्यावर भाजीवाल्यानं भेंडी ताजी आहे म्हटलं तरी मी देठ मोडूनच बघते.

त्यामुळे विनय, म्हणजे माझा नवरा, एक दिवस ऑफिसातून आल्या आल्या म्हणाला की शनिवारी खोर फक्कानला जाऊ, तिथे ओबी रॉलिन्स वाजवणार आहे, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "कोण म्हणतं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ओबी रॉलिन्स हा अमेरिकेतला नावाजलेला ब्लूज गिटारवाला. ब्लूज म्हणजे काय, तर माझ्या समजुतीप्रमाणे आपलं दुःख ठेक्यात बसवायचं आणि मधूनमधून स्वतःचीच टिंगल करत ते गायचं. म्हातारा आता ऐंशीच्या घरात आहे. विनय पुण्याला हॉस्टेलवर असताना कुणीतरी त्याला याची कॅसेट दिली, तेव्हापासून हा माणूस आमच्या घरचाच झालाय. लग्नानंतर मी आधी सासूबाईंना ओळखायला लागले की ओबीला, हे सांगणं कठीण आहे.

विनय स्वतःही वाजवायचा. 'वाजवायचा' असं लिहावं लागतंय, कारण दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, गडी परत ऑफिसला जायला लागला. डाव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. आणि गिटारवर तारा दाबायचं काम डाव्या हाताचं. काही महिने फिजिओ केली, मग तीही सोडली. गिटार कपाटात गेली, सुटकेसांच्या मागे. घरात तिचं नाव कुणी काढत नाही.

आणि आता त्याच्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. रॉलिन्सलाही असाच झटका, हीच डावी बाजू, तोही भर कार्यक्रमात. त्यानंतर गायब झाला होता तो आता परत वाजवतोय. विनयनं तो व्हिडिओ मला जेवताना पुन्हा पुन्हा दाखवला. मी बघितला आणि म्हणाले, कॅमेरा डाव्या बाजूला जवळ जातच नाहीये.

त्यावर तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "मला जाऊन बघायचंय. त्याचा हात परत आला असेल तर मी सोमवारपासून फिजिओ सुरू करतो. आला नसेल तर गिटार विकून टाक. मला विचारूसुद्धा नकोस."

आता सांगा, अशा माणसाला न्यायचं तरी कसं आणि नाही म्हणायचं तरी कसं?

मी माझ्या परीनं चौकशी केली. एवढा मोठा कलाकार खोर फक्कानला कशाला येईल? ते शारजाच्या ताब्यातलं पूर्व किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. कंटेनर, क्रेन आणि एक सुरेख बीच. शिवाय शारजात दारूचा थेंब मिळत नाही, आणि ब्लूज म्हणजे बारमधलं गाणं. कार्यक्रम दुपारी चारला. हे म्हणजे उपासाच्या दिवशी कोंबडीचं आमंत्रण. आयोजक शाजी नावाचा मनुष्य, त्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, उनकी बेटी इधर स्कूल में टीचर है, बाबा उसके पास ही रहता है. सीट लिमिटेड है हबीबी, यल्ला, जल्दी करो." मला हबीबी, म्हणजे लाडके, म्हणणाऱ्या माणसावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही. तरी तिकिटं काढली. माणशी शंभर दिरहॅम, म्हणजे तेवीस-चोवीसशे रुपये.

शनिवारी नाश्ता करून निघालो. विनय, मी आणि आमची तेरा वर्षांची सई. गाडी आता मीच चालवते. जुमेरा लेक टॉवर्सहून, म्हणजे आमच्या घरून, शारजा ओलांडेपर्यंत रस्ता कंटाळवाणा आहे, दोन्हीकडे गोदामं आणि ट्रक. एकदा शारजा-खोर फक्कान रस्त्याला लागलात की मजा सुरू होते. वाळू हळूहळू तांबूस होते, मग डोंगर येतात, कोरडे, खडखडीत, झाडाचं पान नाही, आणि मग एकामागून एक लांबच लांब बोगदे. न थांबता गेलात तर पावणेदोन तासांत पोचाल. पण टाकी शारजातच भरून घ्या आणि पंपावरचा करक, म्हणजे कडक दुधाळ, चहा घ्या. दोन दिरहॅमला मिळतो. पन्नास रुपयांचा चहा, असं मी दर वेळी मोठ्यानं म्हणते आणि दर वेळी सई म्हणते, "आई, स्टॉप कन्व्हर्टिंग."

वाटेत विनयनं ओबीचं चरित्र लावलं. मी ते शंभरदा ऐकलंय, पण या वेळी मी क्लेमसारखं ऐकत होते.

नदीकाठच्या कापसाच्या मुलखात जन्म. घरात खाणारी तोंडं भरपूर, गिटार घ्यायची ऐपत नाही. मग घराच्या लाकडी भिंतीवर केरसुणीची तार काढून ठोकायची, तिच्याखाली एक बाटली अडकवायची, की झाली अख्खी भिंत गिटार. हा तार छेडायचा आणि मोठी बहीण दुसरी एक औषधाची बाटली तारेवरून मागेपुढे सरकवायची. तेव्हा कुठे सूर निघायचे.

"आणि आईबाप भिंतीला खिळे ठोकू द्यायचे?" मी विचारलं. आमच्याकडे कॅलेंडर लावायलासुद्धा परवानगी काढावी लागायची.

"मार खायचे गं दोघं," विनय म्हणाला. पुढे ओबी वयात येताच शिकागोला पळाला. दिवसा खाटीकखान्यात काम, संध्याकाळी बारमध्ये वाजवायचं. पहिली रेकॉर्ड निघाली तर तिच्यावर नाव दुसऱ्याच माणसाचं. कंपनीनं फसवलं, असं विनयचं म्हणणं. यानं न वाचता सही केली असणार, असं माझं. मग इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी त्याच्या चाली उचलल्या, ती पोरं स्वतःच्या विमानातून फिरायला लागली आणि हा शाळेची बस चालवत राहिला. पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी त्याला हुडकून काढलं. मग जपान काय, युरोप काय, बक्षिसं काय, सगळं एकदम आलं.

"अँड देन द स्ट्रोक," सई मागून म्हणाली. ती फोनमध्ये आहे असं आम्हाला वाटत होतं. विनयचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता, तो त्यानं उजव्या हातानं उचलून नीट ठेवला.

खोर फक्कानला शेवटचा बोगदा संपला की समोर एकदम समुद्र येतो. निळा म्हणजे इतका निळा की मला त्याचाही संशय आला. अर्धचंद्रासारखा बीच, एका टोकाला बंदराच्या क्रेन, मागे डोंगर. आम्ही बीचजवळ साध्या हॉटेलात एक रात्र घेतली, तिघांचे मिळून तीनशे दिरहॅम, म्हणजे सात हजारांच्या वर. खोली स्वच्छ होती, बाथरूमचा नळ गळत होता. जेवायला मात्र बीचवरच्या झगमगीत ठिकाणी जाऊ नका, आतल्या गल्लीत मल्याळी हॉटेलं आहेत तिकडे जा. तव्यावरची सुरमई, भात आणि मागाल तेवढं सांबार, आणि आपल्या मुंबईपेक्षा मसाला बरा. विनय जेवला नाही. परीक्षेला निघालेल्या पोरासारखा नुसता भात चिवडत बसला.

कार्यक्रम समुद्रालगतच्या एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये होता. दारावर सिक्युरिटीला उभे असलेले गृहस्थ आमचं बोलणं ऐकून हसले. सकपाळ, गुहागरकडचे. मला म्हणाले, "ताई, मागं नका बसू. पुढं जागा हायत." मी लगेच विचारून घेतलं, म्हातारा खरंच वाजवतो का हो?

"वाजतंय तर बेस," सकपाळ म्हणाले. "पण काल सराव करत होते तेव्हा कुणाला आत सोडू नका म्हणून सांगितलं होतं. मुलगी लय कडक हाय त्यांची."

झालं. माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागली.

हॉलमध्ये शंभरेक माणसं असतील. सगळ्यांच्या हातात लिंबू-पुदिन्याचं सरबत. म्हातारा आधीच खुर्चीत बसलेला, काळा कोट, काळी हॅट, मांडीवर गिटार. त्याच्या डाव्या खांद्यामागे उंच स्टुलावर त्याची मुलगी डेला, पन्नाशीची, तीही पायापासून मानेपर्यंत काळ्या कपड्यात. दिवा फक्त म्हाताऱ्यावर. त्यानं गिटार छेडली आणि गायला लागला. आवाज चिरलेला, पण सुरात पक्का. मला गाण्यातलं कळत नाही असं नाही. माझी आत्या मिरजेची गाणारी होती.

विनयचा उजवा हात गुडघ्यावर ताल देत होता. डोळे भरून वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. म्हाताऱ्याचा डावा हात गिटारवर सरसर फिरत होता. परत आलेला हात!

मी सरबताचं निमित्त करून उठले आणि कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथून नीट दिसलं. तारा छेडणारा उजवा हात सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, डागांनी भरलेला. तारा दाबणारा डावा हात गुळगुळीत, नखं नीट कापलेली. एका माणसाचे दोन हात, आणि त्यांच्या वयात निदान तीस वर्षांचा फरक. मी अजून पुढे वाकले. डेला मागून चिकटून बसली होती आणि तिचा काळ्या बाहीतला हात म्हाताऱ्याच्या काळ्या कोटाच्या बाजूनं गिटारवर आला होता. म्हाताऱ्याचा खरा डावा हात गिटारच्या आड मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली. ती बोटं मी ओळखते. रोज बघते.

मला संताप आला. म्हाताऱ्याचा नव्हे, तिचाही नव्हे, त्या व्हिडिओचा. या एका व्हिडिओपायी माझा नवरा भाताचा घास न गिळता इथे येऊन बसला होता.

मध्यंतरात मी जागेवर आले तेव्हा विनय एवढंच म्हणाला, "बघितलंस?" मी म्हणाले, हो, बघितलं. त्याला आणि सईला सरबताच्या टेबलाशी सोडून मी तडक स्टेजच्या मागे गेले. सकपाळांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "दोनच मिनिटं हां ताई."

आत डेला खाली बसून म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला तेल चोळत होती. एकेक बोट धरून उघडत होती आणि ते बोट परत मिटत होतं. झटक्यानंतरचे सगळे महिने रोज रात्री मी हेच केलं होतं, खोबरेल तेल घेऊन. दारात उभी राहून मी काय ठरवून आले होते ते विसरले. पण सवय वाईट. प्रश्न तोंडातून गेलाच, इंग्रजीत, इथे मराठीत देते.

"गिटारवरचा डावा हात कोणाचा आहे?"

डेलाचा चेहरा उतरला. म्हातारा मात्र हसला, जराही न कचरता म्हणाला, "आमचा."

मग त्यानंच सांगितलं. सुरुवात अशीच झाली होती, तार तो छेडायचा आणि बाटली बहीण सरकवायची. "मधली साठ वर्षं मी एकट्यानं वाजवून बघितलं," तो म्हणाला. मी विचारलं, मग लपवता कशाला? हे काळे कपडे, बंद दाराआडचा सराव, तो व्हिडिओ? डेला ओशाळली. काळे कपडे तिनं घातले कारण एरवी लोक तिच्या हाताकडेच बघत बसतात आणि बाबांचं गाणं ऐकत नाहीत. सराव बंद दाराआड, कारण तेव्हा बाप-लेक भांडतात. व्हिडिओ शाजीचा, आणि तो तसा जाऊ द्यायला नको होता, असं ती स्वतःच म्हणाली. म्हातारा म्हणाला की विचारलं तर आम्ही सांगतो, पण आजवर कुणी विचारलंच नाही.

ऑफिसात हे उत्तर मी मान्य केलं नसतं. परत विनयशेजारी येऊन बसले. दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा सरस झाला, असं लोक म्हणत होते. मला आठवतंय ते एवढंच की माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: हात आलेला नाही, आता मी सांगू कशी?

संध्याकाळी बीचवर फिरलो. विनयनं आइस्क्रीम खाल्लं, सईबरोबर समुद्रात पाय बुडवले, कधी नव्हे ते शीळ घातली. तो जितका खुशीत, तितकी माझी झोप उडाली.

रविवारी सकाळी परत निघालो. (बीचवर गर्दी व्हायच्या आत फिरून घ्या. वाटेत धरण लागतं, तिथे बदकं आहेत आणि पायडल बोटी, लहान मुलं असतील तर तासभर छान जातो.) सई मागे कानात हेडफोन घालून झोपली होती. पहिल्या बोगद्यात शिरताना मी समोर बघतच सांगून टाकलं. दोन वयांचे दोन हात, काळी बाही, तेल, सगळं. सोमवारच्या आधी त्याला कळायला हवं होतं.

विनय म्हणाला, "माहीत आहे."

गाडी माझ्या हातून जराशी हललीच.

"दुसऱ्या गाण्यातच कळलं," तो म्हणाला. "तू हात बघत होतीस, मी ऐकत होतो. तार दाबली जायची ती छेडण्याच्या किंचित मागून. एका माणसाचं तसं होत नाही. ती दोघं एकमेकांची वाट बघत होती."

"मग रडत का होतास?"

"म्हणून तर रडत होतो."

बोगदा संपला, डोंगर आले, दुसरा बोगदा लागला. मी म्हणाले, पण ही फसवणूक नाही का? तो म्हणाला, "तुझ्या आत्याच्या मागे तंबोरा घेऊन ती शिष्या बसायची. आत्याचा दम संपला की ती सूर उचलायची आणि आत्या तेवढ्यात श्वास घ्यायची. तेव्हा तू उठून क्लेम रिजेक्ट केला होतास का?"

आत्याच्या शेवटच्या बैठकीत तर अर्ध्याहून जास्त ती शिष्याच गायली होती. आम्ही सगळ्यांनी घरी येऊन म्हटलं होतं, आज आत्या काय गायली! कुणाला त्यात खोटं दिसलं नव्हतं. मलासुद्धा.

"हात येत नसतो," विनय म्हणाला. "डॉक्टरनं मला कधीच सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही मी." हे त्यानं बोगद्यात सांगितलं ते बरं झालं, माझा चेहरा त्याला दिसला नाही.

आता घरी येऊन महिना झाला. खोर फक्कानला जा, जरूर जा, थंडीतच जा. एका रात्रीचा सगळा खर्च तिघांचा हजार दिरहॅमच्या आत बसतो, तेवीस-चोवीस हजार रुपये, आणि तिकिटं नसतील तर त्याहून कमी. व्हिडिओ बघून जाऊ नका, एवढंच सांगेन.

गिटार विकली नाही. आल्या दिवशीच विनयनं सुटकेसा बाजूला सारून ती बाहेर काढली. सई पियानो शिकते, तिची बोटं सराईत, ती लगेच म्हणाली, "बाबा, आय कॅन डू इट." तो म्हणाला, तू नको, आईला बोलाव. मला संशय आला की हा मला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. तसं विचारलंही.

"सईला वाजवता येतं, ती तिच्या मनाचं वाजवेल," तो म्हणाला. "तुला ओ की ठो येत नाही. तू मी सांगेन तेच करशील. लग्नानंतर पहिल्यांदा."

तेव्हापासून रोज जेवणाआधी मी त्याच्या मागे डायनिंगच्या खुर्चीवर बसते, काखेखालून डावा हात पुढे घालते आणि तो सांगेल ती तार दाबते. बोटांची टोकं सोलपटली, आता कडक होत चालली आहेत. ऑफिसात की-बोर्डवर टाईप करताना ती बोटं वेगळी लागतात. आमची अख्खी कमाई म्हणजे एकच ओळ, तीही अडखळत. तो "छान" म्हणतो. माझा अजिबात विश्वास नाही.

मागच्या शुक्रवारी सईनं आमचा व्हिडिओ काढला आणि न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकला. व्हिडिओत मी दिसतच नव्हते, नुसता विनय आणि त्याच्या गिटारवर फिरणारा डावा हात. दहा मिनिटांत गावाहून सासूबाईंचा फोन.

"अगं शुभा, विनयचा हात बरा झाला आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?" त्यांचा आवाज कापत होता. शाजीनं माझ्या नवऱ्याला जे केलं तेच आम्ही त्यांना केलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "थांब. त्याच्या हातात बांगडी कशी? तो हात कोणाचा आहे?"

"आमचा, आई," मी म्हणाले.

पलीकडे त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "मग बसताना बांगडी काढून बसत जा. तारेला लागते. मला इथपर्यंत आवाज येतोय."